शब्दचर्चा: रोटेशनला पालट म्हणावं की आवर्तन?

प्रश्न, छत्रपती संभाजीनगर
टीसीपीडंप या प्रोग्रामने नेटवर्कवरची पॅकेट्स (माहितीचे छोटे तुकडे) पकडताना फाइल 'रोटेट' होते, म्हणजे एक मिटून पुढचं दुसरीत लिहिलं जातं. नव्या मुलांसाठीच्या टिपणात मी 'आवर्तन' लिहिलं, सहकाऱ्याला ते पटत नाही. प्रोग्राम बंद होतानाच्या 'क्लीनअप'लाही शब्द हवा आहे.

परवा १० वाजता कॅप्चर लावलं, डॅश जी (कॅपिटल) देऊन दर ३६०० सेकंदांनी नवी फाइल, आणि डॅश झेडला (स्मॉल) आज्ञा दिली जीझिपची, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याची, झिप करण्याची. संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी दाबलं. सात फाइली झिप झालेल्या, शेवटची वीस मिनिटांची तशीच पडलेली. आमची स्क्रिप्ट फक्त झिप झालेल्या फाइली उचलते. तक्रार नेमकी त्या वीस मिनिटांतली होती.

परभणीहून
दादा, आवर्तन आपल्याकडे कालव्याचं. जायकवाडीचं आवर्तन सुटलं म्हणजे पाणी फिरून त्याच चाऱ्यांना आलं. फाइलीचा आकार ठरवणाऱ्या डॅश सीसोबत डॅश डब्ल्यू (दोन्ही कॅपिटल) देऊन १० फाइली ठरवल्या, की दहावी भरल्यावर पहिलीवरच लिहिणं सुरू होतं. ते खरं आवर्तन.

तुम्ही डॅश जी वापरलं. एक फाइल मिटली, दुसऱ्या नावाची उघडली, मागे कोणी वळलं नाही. (नावात तारीख-वेळेचा साचा हवा, नाहीतर दर तासाला तीच फाइल पुसली जाते.) याला मी 'पालट' म्हणेन, पिकाची फेरपालट म्हणतो तसं. आणि डॅश झेडची आज्ञा पालट झाल्यावर चालते. तुम्ही कंट्रोल-सी दाबलं तेव्हा पालट झालाच नाही, म्हणून जीझिपला कोणी हाक मारली नाही. टिपणात 'पालटानंतरची आज्ञा' लिहा, वाचणाऱ्याला हे आपोआप कळेल.

नांदेडहून
क्लीनअपला 'आवराआवर' नको, 'निरवानिरव' घ्या. आजी गावाला निघायची तेव्हा घर झाडायची ती आवराआवर. म्हशीचं दूध कोणी काढायचं, किल्ली कोणाकडे राहील, हे शेजारच्या काकूंना सांगून जायची ती निरवानिरव. त्यात सोपवणं येतं. कंट्रोल-सीनंतर टीसीपीडंप फाइल नीट मिटतो, किती पॅकेट्स पकडली, किती सुटली ते आकडे छापतो. आवराआवर झाली, पण फाइल कोणाच्या हाती दिली नाही. ते काम बाहेरच्या स्क्रिप्टला सांगा: टीसीपीडंप संपेपर्यंत थांबायचं, मग झिप न झालेली जी फाइल उरेल तिच्यावर तीच आज्ञा चालवायची. प्रोग्रामला जागीच मारणारं किल डॅश ९ मात्र कधीच नको. त्यात बफरमधली (मेमरीत तात्पुरती साठवलेली) पॅकेट्स डिस्कवर उतरायच्या आतच प्रोग्राम मरतो, शेवटचं पॅकेट अर्धवट तुटू शकतं.

प्रश्नकर्ता
'पालट' आणि 'निरवानिरव' दोन्ही घेतले. त्या शेवटच्या अपुऱ्या फाइलीला काय म्हणू?

परभणीहून
'टेलची फाइल'. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे सगळे टेलच म्हणतात, आणि पाणी पोचलं का हे आधी तिथंच जाऊन बघावं लागतं.