पिकअपवर दोन कयाक, मागे कॅराव्हॅन: रॅक कसा करायचा?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. डबल कॅब पिकअप आहे, हौदा पाच फुटी. मागे छोटी कॅराव्हॅन, सामानासकट 800 किलो. कयाक दोन, जाड प्लास्टिकच्या, 12 फुटी, प्रत्येकी 28 किलो. खानापूर-रामनगरवरून गणेशगुडीला काळी नदीवर न्यायच्या आहेत. फाळका पाडून हौद्यात ठेवल्या आणि मागे लाल फडकं बांधलं तर भागेल का? गाडीत चौघं असणार.

हिडकल_बॅकवॉटर
फाळका पाडून अजिबात नको. हिशेब करून बघा. हौद्याच्या मागच्या कडेपासून बॉल (कॅराव्हॅन अडकवायचा गोळा) साधारण एक फूट, बॉलपासून कॅराव्हॅनची पुढची भिंत चार फूट. म्हणजे मोकळी जागा पाचच फूट, आणि तुमची कयाक बाहेर येणार सात फूट. सरळ उभ्या गाडीतसुद्धा ती मावत नाही. 10 फुटी असती तरी भिंतीला टेकलीच असती. वळणावर कॅराव्हॅनचा आतला कोपरा गाडीकडे येतो, त्यामुळे जागा आणखी कमी होते. पुढची चाकं स्पीडब्रेकरवर चढली की हौद्याची मागची बाजू झुकते आणि कयाकचं टोक कॅराव्हॅनच्या जोडदांडीवरच्या गॅस सिलिंडरवर आपटतं.

लाल फडक्यानं दंडही टळत नाही. मर्यादेबाहेर आलेल्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1ए) प्रमाणे 20,000 रुपये दंड आहे, शिवाय माल जागेवरच उतरवावा लागतो.

मागचं टोक हौद्यात आणि नाक टपावर, असं तिरकं ठेवलं तर नाक टपापासून तीनेक फूट वर राहतं. तिथं वारा धरतो. तेही नको.

उद्यमबाग_फॅब
रॅकच करा. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलं की करून देतात की हो. फक्त दोन गोष्टी त्याला आधी सांगा, नाहीतर तो भाजीच्या टेम्पोचा सांगाडा करून देईल.

पहिली: कयाकचं मागचं टोक फाळक्याच्या रेषेत ठेवायचं. मग 12 फुटी कयाकचा मध्य फाळक्यापासून सहा फुटांवर येतो, म्हणजे हौद्याच्या एक फूट पुढे, टपावर. दोन्ही आडवे पाइप हौद्यावरच बसवले तर वजनाचा मध्य आधाराच्या बाहेर जातो आणि नाक खाली पडतं. म्हणून मागचा आडवा पाइप फाळक्यापासून दोन फुटांवर आणि पुढचा आठ फुटांवर. पुढचा भाग खांबांवरून टपावर तीन फूट पुढे काढायचा, टपाला कुठंही न टेकवता, दोन इंच फट ठेवून.

दुसरी: खांब हौद्याच्या तळाला, 6 मिमी प्लेटवर, खालून दुसरी प्लेट देऊन 10 मिमी बोल्ट आणि नायलॉक नटनं (हादऱ्यानं सैल न होणारा नट). नुसत्या पत्र्याला वॉशर लावून बसवलं तर भोकं लांबट होतात. 40 बाय 40 चा 2 मिमी चौकोनी पाइप पुरे. साधारण 15 मीटर लागेल, वजन 35 किलोच्या आसपास. खांब आणि पुढे काढलेला पाइप जिथं मिळतात तिथं तिरका टेकू हवाच. वेल्ड तिथंच तडकतो.

मलप्रभाकाठ
टपावर आधीच रूफ बार आहेत. पुढचा आधार त्यांचाच घेतला तर? आणि एक कयाक कॅराव्हॅनच्या छतावर गेली तर?

उद्यमबाग_फॅब
नको. कॅब आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, कॅब रबराच्या बुशांवर. खड्ड्यात दोन्ही वेगवेगळे हलतात, आणि ती पिळवट कयाकवर आणि रूफ बारच्या पायांवर येते. आपल्याकडच्या रस्त्यांवर तर जास्तच. कॅराव्हॅनचं छत पातळ असतं, त्यावर ओझं बांधायची सोय नसते. वजन उंचावर गेलं की ती डोलायलाही लागते.

कारखाना_वजनकाटा
रॅकच्या आधी वजनाचं बघा. आरसीवरच्या भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करा, तेवढंच ओझं गाडी घेऊ शकते. बॉलवर पडणारं वजन त्यातच मोजायचं, बरेच जण हे विसरतात. ते कॅराव्हॅनच्या 10 ते 15 टक्के असावं. तुमचं 100 किलो धरलं, चौघांचं 280, रॅक 35, कयाक 56, वल्ही-जॅकेटं 20, तर झाले 491. वर बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन. ओढायची मर्यादा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात मिळेल.

बॉलचं वजन काट्यावर असं काढा: कॅराव्हॅन जोडून फक्त पिकअप काट्यावर घ्या, मग कॅराव्हॅन सोडून पिकअप पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक हेच बॉलचं वजन. मोठा काटा 5-10 किलोच्या टप्प्यानं मोजतो, तेवढी चूक धरा. फरक 80 च्या खाली आला तर कॅराव्हॅन शेपूट हलवणार, म्हणजे चालताना डावी-उजवीकडे झुलणार. मागचं सामान पुढे सरकवा. पाण्याची टाकी चाकांच्या मागे असेल तर रिकामी न्या, मुक्कामी भरा. तरीही शेपूट हललंच तर ब्रेक दाबू नका, स्टीअरिंग सरळ धरून एक्सलरेटर सोडा.

हिडकल_बॅकवॉटर
बांधण्याबद्दल राहिलं. कयाक उलट्या ठेवा, तळ वर. पाइपवर जाड फोम. प्रत्येकीला दोन पट्टे, इंच रुंदीचे, 15 फुटी, कॅम बकलचे (हातानं ओढून घट्ट करायचे). दांडा फिरवून आवळायचे रॅचेट पट्टे नकोत. एप्रिल-मेच्या उन्हात हे प्लास्टिक मऊ होतं आणि रॅचेटनं आवळलं की जागीच खड्डा पडतो. दिवसभर गाडी उन्हात उभी असेल तर पट्टे सैल करा. पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्यानं घुमत नाही.

नाकाची दोरी उलट्या व्हीसारखी, खाली टोइंग हूकना. बंपरला नाही. पॉलिस्टरची घ्या, नायलॉन भिजलं की ताणतं. मागची दोरी हौद्याच्या आतल्या कड्यांना. कॅराव्हॅनच्या दांडीला चुकूनही नाही, पहिल्याच वळणाला ती तुटेल किंवा कयाक ओढून काढेल.

निघण्यापूर्वी मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू मागे घ्या, दोन्ही बाजूंनी, बाहेर एक माणूस बघायला ठेवून. मग 15-20 किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढा, फोम दबल्यामुळे ते सैल झालेले असतात. खानापूरच्या पुढे जंगलात फांद्या खाली येतात, म्हणून कयाकसकट उंची मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा.