मंडईत कारेल चापेकचं 'आर. यू. आर.': रोबोंना पत्र्याचा पोशाख द्यावा का?

वैनगंगाकाठ:
दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, चेक लेखक चापेकचं 'आर. यू. आर.' हे नाटक बसवायचं ठरतंय. नट बारा, त्यात बाया तीन. रोबोंसाठी पत्र्याचे पोशाख करायला टाकावे का? आणि पडदा उघडण्याआधी लेखकाबद्दल पाच मिनिटांत काय सांगावं?

धानबांधी:
पत्रा अजिबात नको, भाऊ. चापेकचे रोबो लोखंडाचे नाहीतच. कारखान्यात लगदा मळून, नसा सुतासारख्या कातून जोडलेली ती माणसंच आहेत. संहितेतच लिहिलंय: सुरुवातीच्या प्रवेशात त्यांना साधे कपडे, पुढे कमरेला पट्टा आवळलेला कापडी सदरा आणि छातीवर पितळी क्रमांक. मांजरपाट पुरेल. चेहरा कोरा, नजर रोखलेली, बोलणं तुटक. पत्रा घातला तर शेवट वाया जातो: प्रायमस आणि हेलेना हे दोन रोबो एकमेकांसाठी जीव द्यायला निघतात, तेव्हा समोर माणसासारखं माणूस दिसायला हवं.

पडद्यामागे:
तीन बायांत भागतं. माणूस हेलेना आणि रोबो हेलेना एकीनेच करायच्या, दुसरी तिच्यावरूनच घडवलेली आहे. उरल्या दाई नाना आणि रोबो सुला. सुरुवातीचा प्रवेश आणि पहिला अंक यांत दहा वर्षं जातात, ते बोलून दाखवा. हेलेना रोबो घडवण्याची कृती लिहिलेले रोसुमचे कागद शेगडीत जाळते, तिथे खरी आग नको, मंडपाचं कापड लगेच पेटतं. लाल बल्ब आणि चुरगाळलेला कागद बस.

अनुवाद जपून निवडा. चापेक १९३८ मध्ये गेले, मूळ नाटक आपल्याकडे स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. इंग्रजी अनुवादक पॉल सेल्व्हर मात्र १९७० पर्यंत होते, त्यांच्या इंग्रजीवरून करायचं तर परवानगी लागेल. शिवाय त्यात डेमन नावाचा रोबोच गाळलाय.

वाचनवेडा चंद्रपूर:
भाषणात 'रोबो' शब्दापासून सुरुवात करा. तो कारेलला भाऊ योसेफने सुचवला, चेक 'रोबोटा' म्हणजे वेठ. वेठबिगारी म्हटलं की आपल्या माणसाला लगेच कळतं. पहिला प्रयोग २ जानेवारी १९२१ ला ह्रादेत्स क्रालोवे गावच्या हौशी मंडळींनी केला, प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह २५ तारखेला. हे मात्र आवर्जून सांगा. मग कादंबऱ्या: 'क्राकातित' (१९२४) मध्ये जग उडवणारी स्फोटक पूड, 'सॅलॅमँडरांशी युद्ध' (१९३६) मध्ये राबवून घेतलेले प्राणी माणसावर उलटतात. 'होर्दुबाल' शेतकऱ्याचीच: आठ वर्षं अमेरिकेत खाणीत राबून घरी येतो, तर घर त्याचं राहिलेलं नसतं. ती गावच्या वाचनालयात असायलाच हवी. चापेक २५ डिसेंबर १९३८ ला न्यूमोनियाने गेले. काही महिन्यांनी गेस्टापो, म्हणजे नाझींची गुप्त पोलीस, त्यांना पकडायला घरी आली. योसेफ १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत वारला.