नागपूरहून मित्र येतोय, दादर-माटुंग्यात दिवसभर खायचंय, क्रम कसा लावू?

ठाकुर्लीकर:
लोकहो, मदत करा. कॉलेजचा रूममेट नागपूरहून येतोय, विदर्भ एक्सप्रेसने सकाळी दादरलाच उतरणार आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत, म्हणजे मधला दिवस पूर्ण आमचा. काम वगैरे काही नाही, नुसतं खायला येतोय. वर फोनवर टोमणा, "तुमच्या मुंबईत वडापाव सोडून आहे काय बे?" आता इज्जतीचा प्रश्न झालाय. गेटवे, मरीन ड्राइव्ह नको, दादर आणि माटुंगा एवढंच, जमेल तितकं चालत. डोक्यात मिसळ, साबुदाणा वडा, माटुंग्याचा डोसा, केळीच्या पानावरचं जेवण, छबिलदास गल्लीतला वडा असं सगळंच आहे पण दोन पोटांत बसवायचं कसं? मासे खात नाही तो, काट्यांना घाबरतो, त्याच्या लेखी नॉनव्हेज म्हणजे सावजी. रविवार-सोमवार दोन्ही चालतील, गर्दी कमी म्हणून सोमवार धरतोय.

किंग्जसर्कलवाली:
सोमवार अजिबात नको!! कॅफे मद्रास सोमवारी बंद, रामा नायक पण बंद, मग माटुंग्यात येऊन करणार काय. रविवारच घे आणि गाडीतून उतरल्या उतरल्या स्लो पकडून एक स्टेशन मागे या. रामाश्रय पहाटेच उघडतं, भांडारकर रोडवर, स्टेशनपासून दोन मिनिटं. आज काय आहे ते बोर्डावर लिहिलेलं असतं, शिरा कुठला आहे ते बघ आणि दोघांत एक घे, एक इडली, कॉफी, की उठायचं. खरंच उठायचं हां. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस पहिल्याच टेबलावर मसाला डोसा, मेदूवडा, परत म्हैसूर डोसा मागवतो आणि नऊ वाजता त्याचा दिवस संपतो, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं हेच होतं.

तिथून चालत भाऊ दाजी रोडला कॅफे मद्रास. बाहेर नाव लिहून द्यायचं आणि फुटपाथवर उभं राहायचं, रविवारी वेळ लागतोच. तर्रीवाल्या माणसाला तिथला रसम वडा दे, रसमात भिजलेला वडा आणि घशात लागणारी मिरी, मिरचीचा तिखटपणा नाही तो, वेगळाच आहे, बघू काय म्हणतो. टेबल शेअर करावं लागेल, समोरचे आजोबा पेपरातून मान वर करणार नाहीत, त्यात अपमान मानू नका.

जुना माटुंगकर:
वरच्या ताईंचं बरोबर आहे पण मधे थोडा श्वास घ्या की. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि पुढे दादर-माटुंगा-शीवची स्कीम आखली गेली, म्हणून इथे रस्ते रुंद आणि झाडं भरपूर. नोकरीला आलेली मद्रासकडची, कर्नाटकातली मंडळी इथे राहिली, एकट्या माणसांना घरचं जेवण पाहिजे म्हणून बोर्डिंगं निघाली. रामा नायकचं १९४२ चं, आजही केळीच्या पानावर, स्टेशनसमोर मार्केटमध्ये वरच्या मजल्यावर. मर्यादित आणि पोटभर असे दोन्ही प्रकार मिळतात, पोटभर घेतलंत तर पानात टाकू नका, चारचौघांत बरं दिसत नाही.

नाश्ता आणि जेवण यांच्या मधे पाच उद्यानांत (फाइव्ह गार्डन्स) एक चक्कर मारा. मायसोर कन्सर्न्समधून कॉफी पावडर दळून घ्या, चिकोरी किती टाकायची ते तिथे सांगायचं, मित्राला घरी न्यायला वड्यापेक्षा बरी भेट.

कट्टेकरी दादर:
काका, माफ करा पण थाळी यादीतूनच काढा. पानावर बसलात की भात, रसम, सांबार, परत भात, आणि मग दादर पश्चिमेला फक्त झोपायला येणार. थाळीसाठी पुढच्या वेळी वेगळा दिवस काढा. त्यापेक्षा पाच उद्यानं, हिंदू कॉलनी, टिळक पूल असं रमत गमत या, पूल उतरलात की प्लाझा सिनेमा आणि कोतवाल उद्यान, तोपर्यंत परत भूक लागलेली असते.

आता मिसळ. सेनाभवनासमोरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये जगातल्या सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, हे त्याला सांग, पण झणझणीत म्हणून विकू नकोस प्लीज. ती आपली दादरची मिसळ, थोडी गोडाकडे झुकलेली, नागपूरकर पहिल्या घासाला हसेल आणि तू उगाच भांडत बसशील. त्याला थालीपीठ आणि लोणी खायला घाल, तिथे तो गप्प बसेल. साबुदाणा वडा मात्र गोखले रोडला प्रकाशचाच, बरोबर पियुष. दोघांत एक प्लेट.

वडापाववरून बोलला ना तो? मग सांग की वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर सुरू झाला असं म्हणतात, म्हणजे ज्या स्टेशनात तू उतरलास तिथलाच. आणि मग छबिलदास गल्लीत श्रीकृष्णचा बटाटावडा.

सोलकढी जिंदाबाद:
दादरला येऊन मासे नाहीत म्हणजे कमाल आहे 😤 बरं काट्यांची भीती असेल तर आर. के. वैद्य मार्गावर सिंधुदुर्ग, कोंबडी वडे आणि सोलकढी. सावजी खाणाऱ्याला मालवणी रस्सा झेपेल.

ठाकुर्लीकर:
वा वा, रविवार पक्का. थाळी काढली (काका सॉरी), दुपारी कोंबडी वडे आणि आस्वादला फक्त थालीपीठ, मिसळ तो स्वतः मागेल तर बघू. पण रविवारी सेंट्रलला मेगाब्लॉक असतो ना?

किंग्जसर्कलवाली:
माटुंगा-मुलुंड ब्लॉक नेहमीचाच, पण तो साधारण अकराच्या पुढे, तुम्ही त्याआधीच पोचलेले असाल आणि परत येताना चालतच येताय. आदल्या दिवशी टाइम टेबल बघून ठेव तरी.

कट्टेकरी दादर:
आणि रात्रीसाठी वडे बांधून घेणार असाल तर चटणी वेगळी आणि पाव वेगळे घ्या, कागद उघडा ठेवा थोडा. आत कोंबून बांधले तर वाफेने कसाऱ्याच्या आधीच लगदा होतो.