कोजागिरीला तंबू कुठे ठोकायचा?

केदार: मंडळी, यंदा कोजागिरी गच्चीवर नको (गच्ची आहेच कुठे म्हणा). शुक्रवारी रात्रीच व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कला जाऊन तंबू टाकू. तिथलं बिग मेडोज कँपग्राउंड. ३,५०० फूट उंची, रंगलेली पानं, डोक्यावर चंद्र. कोण कोण?

तन्मय: आम्ही. 🙋

स्नेहा: आमचं पिल्लू अजून एकदाही तंबूत झोपलेलं नाही. पण यायचंय.

पल्लवी: आमच्याकडे सासूबाई आल्यात पुण्याहून. त्यांचा पहिला प्रश्न: बाथरूम किती लांब?

मृणाल: बुकिंग नेहमीसारखं माझ्याच गळ्यात पडणार, म्हणून आधीच बोलते. बिग मेडोजच्या जागा सहा महिने आधी उघडतात, ऑक्टोबरचे शनिवार-रविवार सगळ्यात आधी संपतात. तरी समजा कोणी रद्द केली आणि मिळाली. शुक्रवारी पाचला आपल्या हर्नडनहून निघायचं, हायवे ६६ वर रांगायचं. फ्रंट रॉयलचं पार्कचं फाटक आलं म्हणजे आपण पोचलो असं नाही. तिथून आत ५१ मैल, स्कायलाइन ड्राइव्हवर वेगमर्यादा ३५, आणि अंधारात हरणं आडवी येणार ती वेगळीच. सूर्य साडेसहालाच मावळतो. मुलं गाडीत रडतायत आणि आपण टॉर्च तोंडात धरून तंबूचे दांडे जुळवतोय. बघा.

केदार: लुरेवरून चढू ना. तिथल्या थॉर्नटन गॅपच्या फाटकापासून २० मैलच राहतात.

मृणाल: अंधार लुरेवरूनही पडतोच रे. शिवाय त्या उंचीवर आपल्याकडच्यापेक्षा दहा-एक डिग्री जास्त थंडी. काकूंना झेपेल?

पल्लवी: विचारलं. "आम्ही काय थंडी पाहिली नाही का" म्हणाल्या. आत्ता ७२ डिग्री फॅरनहाइटमध्ये स्वेटर घालून बसल्यात.

अजितकाका: राजगडावर आम्ही पद्मावतीच्या देवळात एका चादरीवर झोपायचो. तंबू कुणी पाहिला होता!

तन्मय: काका, तेव्हा तुम्ही बावीस वर्षांचे होता.

अजितकाका: तेही खरंच.

स्नेहा: मृणालताई, मग जवळ काय आहे? आमची अट एकच. रात्री दोनला पिल्लाने भोकाड पसरलं तर तासाभरात घरच्या गादीवर पोचता आलं पाहिजे.

मृणाल: हीच अट मी पहिली ठेवली असती. जवळची एकेक सांगते, म्हणजे नंतर "हे का नाही, ते का नाही" नको.

बुल रन, सेंटरव्हिल. सगळ्यात सोयीचं. एप्रिलमध्ये ब्लूबेल्स फुलतात तेव्हा तर जावंच. पण त्याच पार्कात नेमबाजीचं केंद्र आहे. दिवसभर ठो ठो. पिल्लाची दुपारची झोप विसरा.

प्रिन्स विल्यम फॉरेस्ट, ट्रँगल. जंगल म्हणावं असं हेच, १५,००० एकरांच्या आसपास. अजितकाकांना आवडेल, दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकेच्या हेरांना शिकवायचे. पण शुक्रवारी संध्याकाळी हायवे ९५ च्या गर्दीत दक्षिणेकडे जायचं. मी नाही जाणार. रविवारी सकाळी कोणी म्हणालं तर लगेच.

ग्रीनबेल्ट, मेरीलँड. पाहुण्यांना डीसी दाखवायचं असेल तर उत्तम, मेट्रो जवळ आहे. पण कडेलाच पार्कवे, रात्रभर गाड्यांचा घरघराट.

कनिंगहॅम फॉल्स, थर्मंट. केदारला डोंगरच हवा असेल तर हा. पंधरा नंबरच्या रस्त्याने वर, ७८ फुटांचा धबधबा. पलीकडच्या कॅटॉक्टिनच्या जंगलात कँप डेव्हिड आहे, म्हणजे राष्ट्राध्यक्ष शेजारी. पण तासाच्या वर लागतो.

आणि बर्क लेक. फेअरफॅक्स काउंटी पार्कवेने खाली गेलो की संपलं. २१८ एकरांचं तळं, भोवती पाच मैलांच्या आतली सपाट पायवाट. काकू सकाळी चालतील, मुलं सायकली घेतील. विजेची सोय नाही, म्हणून मोठ्या आरव्ही (राहायच्या गाड्या) आणि त्यांचे जनरेटर फारसे येत नाहीत. माझं मत बर्क.

केदार: बर्क लेक म्हणजे कँपिंग नव्हे गं. तिथे आपण मुलांचे वाढदिवस करतो!

मृणाल: बरं. मागच्या जूनमध्ये एका "निसर्गरम्य" ठिकाणी आपण गेलो होतो. नाव घेत नाही. जागा फोटो बघून तूच निवडलेलीस.

तन्मय: अरे देवा, ती.

मृणाल: फोटोत उतार दिसत नाही. सकाळी उठलो तेव्हा आम्ही चौघं तंबूच्या दाराशी एकावर एक, आणि डोक्याकडची अर्धी चटई रिकामी. बाथरूम समोरच म्हणून खूश होतो, तर रात्रभर त्याचा दिवा तंबूत आणि दर दहा मिनिटांनी दार धाड्. तेव्हापासून माझा हिशेब ठरलाय: बाथरूमपासून दोन-तीन जागा सोडून. दिवा दिसला पाहिजे, दार ऐकू आलं नाही पाहिजे.

पल्लवी: आणि तो रकून! चिवड्याची पिशवी फाडली नव्हती हं, झिप उघडली होती. सगळा चिवडा खाऊन कढीपत्ता तेवढा बाजूला काढून ठेवला.

तन्मय: आमच्या आरोहसारखाच.

मृणाल: म्हणून या वेळी खाण्याचं सगळं रात्री गाडीच्या डिकीत. सगळं म्हणजे सगळं, टूथपेस्टसुद्धा. शेनँडोआत अस्वलांमुळे हा नियमच आहे. बर्कला अस्वलाची भीती नाही, पण रकूनला नियम कोण सांगणार.

अजितकाका: लाकडाची चिंता करू नका. मागच्या अंगणातलं वाळलेलं ॲशचं झाड तोडून घेतलंय. दोन गाड्या भरतील, फुकट.

मृणाल: काका, ते नाही चालणार. ते झाड वाळलं का, माहितीये? सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं दिसतायत का बघा.

अजितकाका: थांब, बघून येतो.

अजितकाका: आहेत. पुष्कळ आहेत.

मृणाल: तो एमराल्ड ॲश बोरर. हिरवा किडा, २००२ मध्ये डेट्रॉइटकडे पहिल्यांदा सापडला. स्वतः फार लांब उडत नाही, लोकांनी गाडीत टाकलेल्या सरपणातून गावोगाव गेला. अळ्या सालीखाली असतात. शेनँडोआत तर उष्णतेची प्रक्रिया केलेलं, शिक्का असलेलंच लाकूड नेता येतं. आपण जिथे राहू तिथलंच विकत घेऊ.

अजितकाका: बरं झालं बोललीस. घरीच शेकोटी करून संपवतो.

स्नेहा: डास नसतील ना आता?

मृणाल: डास कमी. गोचीड मात्र आहे. थंडी पडली की गेली असं वाटतं, पण हरणांवरची, लाइम नावाचा आजार पसरवणारी पूर्ण वाढलेली गोचीड ऑक्टोबरातच जोरात असते. पँट मोज्यात खोचायची, पालापाचोळ्यात लोळायचं नाही, झोपण्याआधी मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे टॉर्चने बघायचं.

तन्मय: पालापाचोळ्यात लोळायचं नाही हे आमच्या दोघा पोरांना तूच सांग.

केदार: ठीक. बर्क. पण एप्रिलमध्ये मी स्वतः गजर लावून बसणार आणि पुढच्या ऑक्टोबरचं बिग मेडोज बुक करणार.

मृणाल: कर की. मी टाळ्या वाजवेन. इकडे चार जागा लागून मिळतायत, आत्ता घेऊ?

पल्लवी: घे.
स्नेहा: घे घे.
तन्मय: 👍

मृणाल: घेतल्या. दूध कोण आटवून आणतंय? तिथे शेकोटीवर आटवायला पहाट होईल.

पल्लवी: सासूबाई म्हणतात त्या आणणार. केशर पुण्याहून आणलंय, ते उघडायला निमित्तच शोधत होत्या. फक्त शेवटचं गरम करायला शेगडी आणा.

(गुरुवार)

केदार: ऑफिसमधून येताना बर्कला जाऊन आलो. चारही जागा बघितल्या. पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिलं. तीन जागी जागची हलली नाही. चौथीवर गडगडत थेट झाडापर्यंत गेली, आणि त्या झाडाला वर एक वाळकी फांदी लटकतीये. फोटो टाकतो.

मृणाल: शाब्बास! ती कुणाच्या नावावर आहे बघते.

मृणाल: तुझ्याच.

केदार: 😐

तन्मय: केदार, आमच्याकडे ये. आठ माणसांचा तंबू आहे. फक्त दाराशी झोपू नकोस.