मुंबई–गोवा क्रूझ : सासू-सासऱ्यांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

नाशिकची_स्नुषा

नमस्कार मंडळी. डिसेंबर-जानेवारीत मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जायचं चाललंय. आम्ही पाच जण : मी, नवरा, ९ वर्षांचा मुलगा, सासूबाई (६८) आणि सासरे (७४). बजेट सगळ्यांचं मिळून दीड लाख, नाशिक-मुंबई जाण्यायेण्यासकट. त्याच्या वर जायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मूळ कारण आमचे नाना, म्हणजे सासरे. त्यांचं आजोळ राजापूर तालुक्यात. लहानपणी मुंबईहून बोटीने जायचे आणि मुसाकाजी बंदराला पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचे. ती बोट बंद झाल्यापासून समुद्रावरून कोकण बघितलेलंच नाही त्यांनी. एकदा बघायचंय म्हणतात. गुडघे दुखतात, पण काठी घेऊन चालतात. सासूबाईंना बस लागते, घाटात तर फारच. शिवाय त्या कांदा-लसूण खात नाहीत.

बिनखिडकीची खोली चालेल का? बोट लागू नये म्हणून काय करता? आणि किनारा खरंच दिसतो का?

दिलखुश_डोंबिवली

ताई, क्रूझ करायचीच तर सिंगापूरहून करा. आम्ही जेंटिंग ड्रीमवर पेनांग-फुकेत केलं. जैन जेवणही मिळतं, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न तिथेच सुटला. मुलांसाठी पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, आमचा धाकटा जेवायलासुद्धा खाली यायला तयार नव्हता. खोली बाल्कनीचीच घ्या. सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसलात की पैसे वसूल. बजेट थोडं वाढवावं लागेल, पण आयुष्यात असे योग कितीदा येतात?

खमंग_कोथिंबीर

त्यांनी दीड लाख लिहिलंय, पाच जणांचे. सिंगापूरच्या विमानातच त्यातला मोठा भाग जाईल.

जेवणाचं सांगते. मुंबईच्या क्रूझवर शाकाहारी भरपूर मिळतं, जैनही मिळतं, फक्त बुकिंग करतानाच लिहून द्या. तिथे जाऊन सांगितलं तर पहिल्या दिवशी धावपळ होते. घरचं शिजवलेलं बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. सीलबंद कोरडा खाऊ सहसा चालतो, पण तेही आधी विचारून घ्या.

पावशेर

जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. तो माणशी असतो आणि एका खोलीत दोघं धरून असतो. त्यावर बंदराचे चार्जेस, जीएसटी, सेवाशुल्क. आमच्या एजंटने हे सगळं शेवटच्या आठवड्यात सांगितलं. आगाऊ रक्कम अडकलेली, करणार काय? वर बोटीवर सरबतापासून वायफायपर्यंत सगळ्याला वेगळे पैसे. पाच जणांचा शेवटचा आकडा, सगळं धरून, ईमेलवर मागवा. फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

सागरी_मैल

मर्चंट नेव्हीत डेकवर नोकरी झाली, त्यामुळे किनाऱ्याबद्दल सांगतो. बाकी खरेदीचं इतरांनी सांगावं.

मुंबई ते मुरगाव समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. ताशी पंधरा-सोळा मैलांनी जहाज रात्रभरात पोचतं. म्हणजे संध्याकाळी सुटलं की अख्खं कोकण अंधारातच मागे पडणार. शिवाय एवढं जहाज किनाऱ्याला घासून जात नाही, बरंच बाहेरून जातं. मासेमारीची जाळी आणि छोट्या होड्या टाळायच्या असतात. दिवसा गेलं तरी माड आणि कौलं दिसतील अशी आशा धरू नका.

उजेड असेल तर निघतानाचा तासभर मात्र सोडू नका. बॅलार्ड पियरहून बाहेर पडताना उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्सचं दीपगृह, मग डावीकडे खांदेरी-उंदेरी. नानांना तेव्हा वरच्या डेकवर न्या.

किनारा बघणं हाच हेतू असेल तर खरं सांगतो, क्रूझ नको. दिघी, वेसवी, दाभोळ, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत गाडीने खाली जा. पाण्यावरून कोकण जवळून दिसेल.

तारकर्लीकर

वरच्यांशी शंभर टक्के सहमत. पुढे मालवणला या, होडीतून सिंधुदुर्ग करा. गोव्यात एका दिवसात काय बघणार? मुरगाव बंदर वास्कोला, पणजी तिथून तीसेक किलोमीटर. टॅक्सीवाल्याशी भाव करण्यात अर्धा वेळ जातो. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी हे सगळे २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आले, आणि आपली माणसं अजून गोव्याला पळतात.

दिलखुश_डोंबिवली

गोव्याला नावं ठेवायचं कारण नाही. मंगेशी, शांतादुर्गा बघून आरामात परत येता येतं. बाकी बाल्कनीचं मी वर लिहिलंच आहे.

एडिसनची_मावशी

आम्ही आईबाबांना अलास्काला नेलं होतं. डोळ्यांसमोर हिमनदीचा कडा कोसळतो आणि आवाज मागाहून येतो! बाबा लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. मात्र सिएटलहून सुटणाऱ्या जहाजांना अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं, बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया. त्यामुळे भारतीय पासपोर्टवरच्या आईबाबांना कॅनडाचा व्हिसाही काढावा लागला. कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि हो, बाल्कनीच घ्या.

खमंग_कोथिंबीर

मावशी, नाशिक, पाच जण, दीड लाख.

औषधपेटी

डॉक्टर आहे. बोट लागण्याबद्दल वर कोणीच नीट लिहिलं नाही.

आव्होमिन (प्रोमेथाझिन) आपल्याकडे सर्रास देतात आणि त्याने फरक पडतो. पण उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही, निघायच्या तास-दोन तास आधी घ्यायची. या गोळीने झोप येते. वयस्कर माणूस गुंगीत जिना चढताना पडण्याची भीती असते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. सासूबाईंना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. उपाशीपोटी ठेवू नका, थोडं कोरडं खायला द्या. आलेपाक जवळ असू द्या, काहींना बरं वाटतं.

खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावा कमी. वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची महागडी बाल्कनी बोट लागणाऱ्या माणसासाठी वाईट. मळमळायला लागलं की मोबाईल बाजूला ठेवायचा, डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघायचं.

नानांच्या औषधांची पिशवी हातात ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर जमा करतात, त्या खोलीत उशिरा पोचतात.

तारकर्लीकर

आधी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला जाऊन या. सासूबाईंना तासाभरात काही झालं नाही तर क्रूझलाही होणार नाही.

सागरी_मैल

तसा निष्कर्ष काढता येत नाही. मांडव्याचा रस्ता बंदराच्या आतला आहे. खुल्या समुद्रातली लाट लांबलचक असते, तिचा हेलकावा निराळा. डिसेंबर-जानेवारीत अरबी समुद्र बहुतेक शांत असतो आणि मोठ्या जहाजाला डोलणं कमी करणारे पंख असतात, ही जमेची बाजू. मुंबई-गोवा करणारं एम्प्रेस जहाज पावसाळ्यात मुंबईहून न फिरता चेन्नईहून श्रीलंकेला जायचं, ते काही उगीच नाही.

कमळाकर_७१

मुसाकाजीचं नाव वाचून राहवलं नाही. आम्ही विजयदुर्गला उतरायचो. बोट बाहेर नांगर टाकायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाटेवर पडाव वर आला की खलाशी बखोटीला धरून पोरांना उचलून घेत, त्यामागून ट्रंका, त्यामागून आंब्याच्या पेट्या. वरचे शिव्या घालत, खालचे जास्त शिव्या घालत. डेकवर जिथे सतरंजी पडेल ती आपली जागा. नानांना म्हणावं, आम्हीही त्यातलेच.

आमची आजी मात्र बोटीला हात जोडूनच चढायची. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आजीच्या माहेरची दोघं होती त्यात. आजच्या जहाजांवर निघण्याआधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करायला लावतात. ती टाळून खोलीत बसू नका. आपली जमायची जागा कुठली ते पोरालाही पाठ करायला लावा.

पावशेर

कवायतीला आमच्या शेजारचं कुटुंब आलंच नाही. नाव पुकारून पुकारून सगळ्यांचा वेळ घालवला.

मोबाईलचं कोणी लिहिलं नाही. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचं बिल भयंकर येतं. सुटल्यावर विमान मोडवर टाका, पोराचा टॅबसुद्धा.

लक्षद्वीपवेडी

क्रूझच हवी तर लक्षद्वीप करा! कोचीहून सरकारी एमव्ही कवरत्ती जहाजाचं समुद्रम पॅकेज असतं, पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. रात्री जहाजावर, दिवसा बेटावर. चकचकाट काही नाही, पण परवान्याचं तेच बघतात. बेटाभोवतीचं उथळ पाणी इतकं नितळ, की होडीखालची प्रवाळं मोजून घ्या. एकच गोष्ट, मोठ्या जहाजातून लहान होडीत उतरावं लागतं आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरवत नाहीत.

औषधपेटी

दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला हलत्या होडीत उतरायला लावू नका, कृपा करा.

नाशिकची_स्नुषा

सगळ्यांचे मनापासून आभार. सागरी_मैल दादा, तुमचं वाचून थोडं खट्टू व्हायला झालं. दिवसा काहीच दिसणार नाही, पण रात्री दीपगृहांचे दिवे तरी दिसतील का? कुठल्या बाजूने?

सागरी_मैल

दिवे दिसू शकतात. मोठ्या दीपगृहांचा झोत वीस-वीस मैल पोचतो. हवेत धुरकट असेल तर कमी. प्रत्येकाची उघडझाप वेगळी असते, घड्याळ लावून मोजली की कुठला दिवा ते कळतं. नऊ वर्षांच्या मुलाला हे शिकवा, आवडेल त्याला.

जाताना किनारा डाव्या हाताला. समजा जहाज सहाला सुटलं, तर जयगड मध्यरात्रीच्या आसपास येईल, राजापूरचा पट्टा पहाटे तीनच्या सुमारास. एवढं जागरण नानांना नको. त्यापेक्षा परतीची रात्र धरा. गोव्याहून संध्याकाळी सुटलं तर देवगड दहाच्या सुमारास आणि राजापूर अकराच्या आत-बाहेर, उजव्या हाताला. वेळा सुटण्यावर अवलंबून, त्या दिवशी पुन्हा हिशोब करा.

यामुळेच बाल्कनीवर खर्च नको म्हणतो. एका फेरीला ती किनाऱ्याच्या बाजूला आली तर दुसऱ्या फेरीला उलट्या बाजूला जाणार. डेक सगळ्यांना फुकट आहे. मात्र रात्री वारा बोचरा असतो, कानटोपी न्या. एवढं करूनही माझं मत तेच आहे, किनाऱ्यासाठी क्रूझ हा मार्ग नव्हे.

खमंग_कोथिंबीर

पाच जण म्हणजे दोन खोल्या. तिसरा बिछाना बहुधा वरून उघडणारा असतो, तो मुलाला द्या. दोन्ही खोल्या शेजारी आणि लिफ्टजवळ मागा. मूळ ओळखपत्रं सगळ्यांची, मुलाचंही. आणि शनिवार-रविवार टाळा. नाताळ ते एक जानेवारी तर अजिबातच नको.

तारकर्लीकर

किंवा एकीकडून क्रूझ मिळते का बघा आणि येताना वंदे भारतने या. मडगाव ते सीएसएमटी, थोडं तरी कोकण दिवसाउजेडी दिसेल.

दिलखुश_डोंबिवली

जुन्या जहाजापेक्षा नवं केव्हाही चांगलं. ही एम्प्रेस १९९० ची आहे, फ्रान्समध्ये बांधलेली.

सागरी_मैल

जहाजाचं वय बघून सुरक्षितता ठरत नाही. ठराविक मुदतीने कोरड्या गोदीत घेऊन तपासणी होते, प्रमाणपत्र असल्याशिवाय बंदर सोडता येत नाही. खोल्या लहान असणार, एवढाच वयाचा परिणाम.

नाशिकची_स्नुषा

ठरलं. मुंबई–गोवा–मुंबईच करतोय. जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवसांत. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या दोन खोल्या. सगळं धरून आकडा ईमेलवर मागवला, दीड लाखात बसतंय. चार पैसे टॅक्सीला उरतात.

तुम्ही बहुतेकांनी नको म्हटलंत ते कळतं. पण नानांना अख्खा धागा वाचून दाखवला. कमळाकरकाकांचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "आम्ही तरी काय, रात्री डेकवर पडून दिवेच बघायचो. आई उठवायची, जयगड आलं म्हणून." फेरीबोटीने गाडीतून जायचं विचारलं तर नको म्हणाले, रात्र समुद्रावर काढायची आहे म्हणे. मग मी वाद घातला नाही.

सासूबाईंना परवा डॉक्टरांकडे नेते, गोळ्यांची यादी घेऊन. दादा, जयगड, रत्नागिरी, देवगड या दिव्यांची उघडझाप कुठे लिहिलेली मिळेल? मुलाने आत्तापासूनच वही केली आहे.

सागरी_मैल

दीपगृहांची अधिकृत यादी असते, तिला लाइट लिस्ट म्हणतात. तिन्हींच्या उघडझापीचा काळ बघून इथेच लिहितो. नानांना नमस्कार सांगा.

कमळाकर_७१

विजयदुर्गचाही लिहा हो.

एडिसनची_मावशी

छान! फक्त पैसे भरायच्या आधी एकदा बाल्कनीचा भाव विचारून बघा, कधीकधी शेवटी कमी होतो.