मदत हवी आहे: पणजोबांची शेवटची बोट 'टिलावा'च होती का?

मंडळी, आमचे पणजोबा गुहागरकडचे, बोटीवर खलाशी होते, १९४२ला दिवाळीच्या सुमारास मुंबईहून निघाले ते परत आलेच नाहीत, घरात फक्त "आफ्रिकेची बोट बुडाली" एवढंच सांगतात. मला वाटतं ती 'टिलावा' असणार, कारण ती २० नोव्हेंबरला मुंबईहून सुटली आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवली, २८० माणसं गेली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या (महायुद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर शोधून थकलो, साहेबाने नावाचं स्पेलिंग काय केलंय देव जाणे, आडनाव घातलंय की नुसतं बापाचं नाव तेही कळत नाही.

मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये जे स्मारक आहे तिथे कुणी असं नाव शोधलंय का, आत बघू देतात का? आणि क्रू लिस्ट मुंबईत कुठे मिळेल की लंडनलाच लिहावं लागेल? डिस्चार्ज बुक (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) बिक काही नाहीये, एक फोटो आहे फक्त.