मदत हवी आहे : डेअरडेव्हिलमध्ये पुढे काय वाचू?

नमस्कार मंडळी,

लेखक-चित्रकार फ्रँक मिलरच्या काळातले डेअरडेव्हिल या मार्व्हल कॉमिक्सचे अंक वाचतोय आणि एका जागी अडकलोय. (कथा फुटेल, वाचायची असेल तर इथेच थांबा.)

डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक : दृष्टिहीन, कॅथलिक, दिवसा न्यूयॉर्कच्या हेल्स किचनमधला वकील. रात्री मुखवटा चढवला की कायदा स्वतःच्या हातात घेतो. १९८१ च्या एका अंकात तो आपल्या शत्रूला, भाडोत्री मारेकरी बुल्सआयला, भुयारी रेल्वेखाली येण्यापासून वाचवतो. १९८२ मध्ये तोच बुल्सआय मॅटच्या पूर्वीच्या प्रेयसीचा, इलेक्ट्राचा, जीव घेतो. मग उंचावरून लटकणाऱ्या बुल्सआयचा हात मॅटने धरलेला असतो, आणि तो सोडून देतो! बुल्सआय जगतो, पण लुळा पडतो. १९८३ च्या अंकात मॅट त्याच्या खाटेशी बसून आळीपाळीने दोघांवर पिस्तुलाचा चाप ओढतो. शेवटी कळतं, पिस्तूल रिकामंच होतं.

मला तरी हा न्याय वाटत नाही, सूडच वाटतो. तरीही मॅटवरचा जीव कमी होत नाही.

पुढच्या लेखकांपैकी कोणी हा धागा नीट पुढे नेलाय? विशेषतः त्याची श्रद्धा आणि वकिली यांची ओढाताण दाखवणाऱ्या कथा हव्यात. नुसती हाणामारी नको. कुठून सुरुवात करू, क्रमाने सांगाल का?